ओसरीत पडलेले रिव्हॉल्व्हर आणि टोपीवरचा खळगा

धुऱ्यावरचा (ता. आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार. आजोबांची कापसाची अडत होती आणि रोकड घेऊन रात्री-अपरात्री बंडीने गावी परतावे लागे, म्हणून त्यांनी परवाना काढून .३२ बोअरचे परदेशी बनावटीचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. ते आता वारसाहक्काने, रीतसर परवान्यासह, माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तुरीच्या जागलीला निघताना ते कमरेच्या म्यानातून निसटले आणि ओसरीच्या फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटले. गोळी सुटली नाही. मात्र काडतुसे काढून पाहिली, तेव्हा नळीच्या रेषेत असलेल्या काडतुसाच्या टोपीवर (फटका बसताच पेट घेणाऱ्या मागच्या भागावर), बरोबर मध्यभागी, मोहरीएवढा उथळ खळगा दिसला. उरलेल्या पाच टोप्या गुळगुळीत आहेत. रिव्हॉल्व्हरला सुरक्षिततेचा बाहेरचा खटका लागत नाही, कारण सुरक्षितता आतच असते, असे मी आजवर ऐकत आलो. ती आत नेमकी कशी असते आणि माझ्या हत्यारात ती आहे की नाही, हे कसे ओळखावे?

निवृत्त आर्मरर (अमरावती)

तो खळगा साधा समजू नका. फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर फटका मारणारी खिळ्यासारखी सुई, टोपीपर्यंत पोहोचली होती, फक्त फटका अपुरा पडला. ते काडतूस पुन्हा भरू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

पुढे घोडा म्हणजे मागचा हातोडा आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग असे समजावे. आपल्याकडे दोघांनाही घोडा म्हणतात आणि निम्मे गैरसमज तिथेच होतात. जुन्या एकेरी चालीच्या (दर वेळी घोडा हाताने चढवावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांत, उदाहरणार्थ कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये, घोडा खाली असताना पिन थेट टोपीवर टेकलेली असे आणि सुरक्षिततेसाठी घोड्याला केवळ एक बारीक खाच असे, जी जोरात आपटल्यावर तुटू शकते. म्हणून जाणते लोक सहाच्या चक्रीत पाचच गोळ्या भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवत. पुढे चाप सोडल्यावर घोडा किंचित मागे सरकेल अशी रचना आली. पण मागे सरकणे म्हणजे अडणे नव्हे, कारण पुरेसा जोराचा आघात त्याला पुन्हा पुढे ढकलू शकतो. खरा अडथळा म्हणजे घोडा आणि चौकट यांच्यामध्ये येणारी पोलादी पट्टी, जी चाप पूर्ण ओढला तरच बाजूला होते. कोल्टने ती १९०५ मध्ये आणली.

दुसरी रीत याच्या उलट आहे आणि मला स्वतःला तीच अधिक पटते. तिच्यात घोडा पिनपर्यंत पोहोचूच शकत नाही; चाप ओढल्यावर एक पट्टी वर येऊन मधली फट भरते आणि घोड्याचा फटका पिनला पोहोचवते. चाप सुटला की पट्टी खाली जाते. पट्टी मोडली, तर हत्यार उडत नाही, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला होतो. आयव्हर जॉन्सन ही अमेरिकी कंपनी याच रचनेच्या जोरावर रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा, अशी जाहिरात करीत असे. रुगरने १९७३ पासून आपल्या एकेरी चालीच्या रिव्हॉल्व्हरांत ती बसवली आणि पुढे जुन्या ग्राहकांनाही फुकट बसवून दिली.

केवळ पट्टी आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून सुटले आणि अमेरिकी नौदलाचा एक खलाशी दगावला. त्यात पट्टी होती, पण ती स्प्रिंगच्या भरवशावर जागेवर येत असे आणि घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अडकू शके. १९४४ च्या अखेरीस ती बदलून, चापाच्या हालचालीबरोबर आतल्या भागानेच ढकलली जाईल अशी केली गेली. तुमच्याही रिव्हॉल्व्हरमध्ये एकतर पट्टी नसावी किंवा असून अडकली असावी. ते घरी उघडू नका.

लेथवाला (यवतमाळ)

आर्मरर साहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. माझ्या एका नातेवाइकाने चाप जड लागतो म्हणून ओळखीच्या कारागिराकडून चढवलेला घोडा धरून ठेवणारी आतली खाच कानशीने घासून घेतली होती. खाच नखाच्या जाडीइतकीही उरली नव्हती आणि चढवलेला घोडा मूठ टेबलावर टेकवताच खाली येत असे. सुदैवाने चक्री रिकामी होती. चापाचा जडपणा हा दोष नसून लहान हत्यारातला तो मोठाच बंदोबस्त आहे. शिवाय परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्ती करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे कारागिराला माहीत नसले तरी तुम्हाला असावे.

पऱ्हाटी (दारव्हा)

मग सरळ खटका असलेले छोटे पिस्तूल घेतलेले बरे नाही का?

निवृत्त आर्मरर (अमरावती)

ताई किंवा भाऊ, जे असाल ते, बोटाने लावायचा खटका माणसाच्या आठवणीवर चालतो आणि रात्री धुऱ्यावर डुक्कर दिसल्यावर आठवण किती टिकते, हे आपण जाणता. पिस्तुलाचा धोकाही निराळा असतो: ते तोंडावर पडले, तर सुटी पिन स्वतःच्याच वजनाने पुढे धावू शकते आणि अनेक खटके केवळ चाप किंवा घोडा अडवतात, पिन अडवत नाहीत. म्हणून वॉल्थर पी-३८ पासून ग्लॉकपर्यंत अनेक पिस्तुलांत पिनलाच आडवी येणारी खुंटी असते, जी चाप ओढल्यावरच बाजूला होते. खरेदी करताना खटका मागू नका, ही खुंटी आहे का ते विचारा. आणि म्यान चाप पूर्ण झाकणारे घ्या, कारण उपरण्याचे टोक किंवा किल्ल्यांचा जुडगा चापात अडकला, तर यातले काहीच उपयोगी पडत नाही.

धुऱ्यावरचा

सर्वांचे आभार. काल नागपूरला परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊन आलो. त्यांनी बाजूचे झाकण उघडले तेव्हा आत आजोबांच्या काळापासूनचे तेल काळ्या गुळासारखे घट्ट झालेले होते आणि घोडा अडवणारी पट्टी त्यात चिकटून मागेच राहिली होती. रॉकेलने धुतल्यावर ती हलू लागली, पण तिची स्प्रिंग थकल्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण जागेवर येत नाही. त्या मापाची स्प्रिंग मिळेपर्यंत रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडेच पावती घेऊन ठेवले आहे. खळग्याचे काडतूसही त्यांनी जमा करून घेतले. नवे म्यान घेतो आहे आणि स्प्रिंग बसल्यावरही पाचच भरीन.