आयन सोडणाऱ्या मशीनने घरात खरंच धबधब्याची हवा येते का?

साताराकर_ठाण्यात
नमस्कार मंडळी. आईला दमा आहे. दर पावसाळ्यात साताऱ्याजवळ ठोसेघरच्या धबधब्याला गेलो की ती म्हणते इथं छाती मोकळी होते बघ, आणि ठाण्यात परत आलो की खिडक्या बंद, एसी, खाली रस्त्याची धूळ, पुन्हा तीच घुसमट. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने निगेटिव्ह आयनचं मशीन गळ्यात मारलं, म्हणाला धबधब्याची हवा घरात. तीन आठवडे झाले, फरक शून्य, उलट रात्री ते चालू असलं की झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास येतो आणि आई खोकत उठते. आयन म्हणजे नक्की काय, आणि पावसाशी त्याचा खरंच संबंध आहे का?

फिजिक्सवाले_काका
आधी ते मशीन बंद करा, आजच. तो वास बहुतेक ओझोनचा आहे, अशी काही मशीन्स आयनसोबत ओझोनही सोडतात आणि दम्याच्या माणसाला ओझोन त्रासच देतो.

आता आयनचं. हे मशीनशिवायही हवेत सतत बनत असतात, जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू झिरपतो, वरून अवकाशातले कॉस्मिक किरण येतात, आणि त्यांच्या माऱ्याने हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू म्हणजे पॉझिटिव्ह आयन, तो इलेक्ट्रॉन ज्याला चिकटतो तो निगेटिव्ह आयन, अशी जोडी. जमिनीलगत एका घन सेंटीमीटर हवेत सेकंदाला साधारण १० जोड्या तयार होतात, भर समुद्रावर रेडॉन जवळजवळ नसतो म्हणून २ च्या आसपास. हे वरून येणारे किरण व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून ५ किलोमीटरच्या वर जाऊन मोजले होते, पुढे त्याला नोबेल मिळालं.

धबधब्याची गोष्टही खोटी नाही. पाणी आपटून फुटलं की बारीक तुषारांसोबत हवेत निगेटिव्ह चार्ज जातो, लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्येच हे दाखवलं, म्हणून ठोसेघरच्या तुषारांत असे आयन भरपूर असणारच. पण छोटा आयन स्वच्छ हवेतही मिनिट-दोन मिनिटंच टिकतो आणि धूळ-धूर असला तर त्याच्याही आधी एखाद्या कणाला चिकटून बसतो. तुमच्या बेडरूममध्ये तो कॉटपर्यंत पोचेल याची काय खात्री.

पाऊसमापक
काकांशी सहमत, हवामानाचं थोडं जोडतो कारण माझा अभ्यासाचा विषय तोच. रात्री हवा थंड होऊन जमिनीलगत साचते, रेडॉनही तिथंच अडकतो, म्हणून स्वच्छ ठिकाणी पहाटे आयन जास्त आणि ऊन चढलं, हवा वर उठायला लागली की कमी. पावसात जमीन भिजली की मातीतली भोकं पाण्याने भरतात आणि रेडॉन बाहेर यायचा कमी होतो, पण तोच पाऊस वरच्या हवेतली रेडॉनपासून बनलेली किरणोत्सारी द्रव्यं धुऊन खाली आणतो, त्यामुळे सर पडत असताना गॅमा मोजणारं यंत्र थोडा वेळ जास्त आकडा दाखवतं. निरभ्र दिवशी जमिनीलगत मीटरला १०० व्होल्टच्या आसपास विद्युत क्षेत्र असतं, वळवाचा गडगडाटी ढग डोक्यावर आला की ते हजारोंत जातं आणि बहुतेक वेळा त्याची दिशाही उलटी होते.

म्हणजे आयन जास्त म्हणजे हवा चांगली हे समीकरणच चूक आहे. तळमजल्याच्या बंद खोलीत रेडॉन साचला तरी आयन जास्त बनतील, आणि रेडॉन फुफ्फुसांना घातक. आईला ठोसेघरला बरं वाटतं त्यात मला धुतलेली हवा, धूळ नाही, गाड्यांचा धूर नाही याचाच वाटा जास्त वाटतो.

चिमुकलीची_आई
माझ्या मुलीला दमा आहे म्हणून ह्या मशीनबद्दल बरंच वाचलं. कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) दम्यावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता, आयोनायझरने फुफ्फुसांच्या कामात फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर अजिबात सोडू नका दादा. आमच्याकडे हवेतली बारीक धूळ गाळणारा साधा हेपा फिल्टर आहे, आयनचं बटण नसलेला, शिवाय चादरी गरम पाण्यात धुते. मोठी सर येऊन गेली की अर्धा तास खिडक्या उघडते, पण भिंतीला ओल येऊ देत नाही, बुरशीने मुलीला लगेच शिट्टी वाजते.

साताराकर_ठाण्यात
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मशीन बंद ठेवलं, वास गेला, आई सहा तास झोपली (एका रात्रीवरून काही म्हणत नाही). आज ते उचलून माळ्यावर टाकताना मागची भिंत बघितली, ताटाएवढा काळा डाग, बोट फिरवलं तर काजळीसारखी धूळ बोटाला. काका, हेच का ते आयन चिकटलेले कण?

फिजिक्सवाले_काका
हो, तेच. चार्ज झालेली धूळ जवळच्या भिंतीला जाऊन बसते. डाग ओल्या फडक्यानेच पुसा, कोरडा झाडलात तर सगळं पुन्हा हवेत उडेल, आणि पुसताना आईंना दुसऱ्या खोलीत बसवा.