सल्ला हवा: नाट्यसंशोधनासाठी शोधनिबंध कसे शोधावेत? (ठाणे, बजेट १५०० ₹)

नांदी_ठाणे: नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधिकेचा विषय आहे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आणि खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावरची १९१० ची बंदी. गाइडनी सांगितलंय, निदान वीस शोधनिबंध वाचल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायचं नाही. कॉलेज विनाअनुदानित, लायब्ररीत एकही डेटाबेस नाही. गुगल स्कॉलरवर इंग्रजीत 'मराठी थिएटर' टाकलं की नको ते ढीगभर येतं. हातात सहा आठवडे आणि सगळं मिळून १५०० रुपये. कुठून सुरुवात करू?

घोडबंदरकर: सरळ जेस्टोरचा (शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस) जेपास, म्हणजे पैसे भरून मिळणारी वैयक्तिक वर्गणी, घे. महिन्याला साधारण १९-२० डॉलर, दहा डाउनलोड. वर्षाचा घेतलास तर डाउनलोडही भरपूर मिळतात.

वाशी_सेक्टर_१७: वर १५०० लिहिलंय ना. एका महिन्यातच बजेट ओलांडलं, आणि हाती दहाच लेख. जेस्टोरवर नुसतं मोफत खातं काढलं तरी तीस दिवसांत शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात, फक्त डाउनलोड होत नाहीत. पान क्रमांकासकट वहीत टिपणं काढ. मात्र बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतात. तेवढे प्रकाशकाच्या साइटवर वेगळे बघावे लागतात.

निवृत्त_ग्रंथपाल: डेटाबेस कुठला, हा नंतरचा प्रश्न. आधी शब्द नीट लावा.

थिएटरचं स्पेलिंग ब्रिटिश टी-आर-ई ने संपवतात, अमेरिकन टी-ई-आर ने. म्हणून टी-एच-ई-ए-टी एवढंच लिहून पुढे चांदणी (*) द्या, दोन्ही येतील. कीचकवध रोमन लिपीत कोणी कसंही लिहितो: पहिला स्वर एक आय किंवा दोन ई, के नंतर ए असतो किंवा गळतो, वध जोडून, सुटा किंवा मधे आडवी रेघ. ही सगळी रूपं एकेका अवतरणात टाका, मधे मोठ्या अक्षरांत ओआर, आणि सगळ्यांभोवती मिळून एक कंस. कंसाबाहेर ॲंड लिहून सेन्सॉरशिप किंवा कायद्याचं नाव. कंस राहिला तर ॲंड शेवटच्या रूपालाच चिकटतो, बाकीची मोकळी सुटतात आणि महाभारतावरचे लेख धो धो येतात.

जेस्टोरवर सारांशात शोधू नका. दहातल्या जेमतेम एका लेखाला सारांश असतो, बाकीचे नऊ सरळ गळतात. शीर्षकावरही विसंबू नका. 'थिएटर जर्नल'च्या १९९४ च्या एका अंकात तुमच्या विषयाला थेट भिडणारा लेख आहे. त्याच्या शीर्षकात कीचक नाही, खाडिलकर नाहीत, मराठी हा शब्दसुद्धा नाही. संस्कृती, साम्राज्यवाद, राष्ट्रवादी प्रतिकार आणि वसाहतकालीन भारतातले प्रयोग एवढंच आहे. तो पूर्ण मजकुरात शोधलं तरच हाती लागतो.

घोडबंदरकर: स्पेलिंगचं मान्य, पण पीडीएफ आपल्याकडे हवीच. नेट गेलं की मोफत वाचन थांबलं.

कळवा_स्लो: अरे, केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आहे की! १ जानेवारी २०२५ पासून. सुमारे १३,००० नियतकालिकं, फुकट.

वाशी_सेक्टर_१७: सगळ्यांना नाही. पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था आहेत, खासगी विनाअनुदानित कॉलेज त्यात बसत नाही. राज्य विद्यापीठं बसतात, म्हणून कलिनाला मुंबई विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी काय नियम आहेत ते आधी फोन करून विचार. जाताना विषय लिहिलेलं कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र हवं. लेखांची यादी घरूनच करून ने, तिथला वेळ शोधण्यात घालवू नको.

कळवा_स्लो: मी तेच म्हणतोय, फुकट आहे.

नेपथ्य: शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा मोफत ऑनलाइन संग्रह, कोणीच कसं सांगितलं नाही? तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघड. दोन-तीन प्रबंधांच्या सूचीत जो लेख पुन्हा पुन्हा दिसतो तो पहिला वाच. मग त्याच लेखाचं नाव गुगल स्कॉलरवर टाकून 'साइटेड बाय' वर क्लिक कर, त्याच्यानंतर कोणी काय लिहिलं ते कळतं. एक अडचण आहे: मराठीतले जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. आत देवनागरीत शब्द शोधलास तर शून्य दाखवतं, प्रबंधात तो पानोपानी असला तरी. तिथे डोळ्यांनीच पानं चाळायची. नोंदी झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) ठेव, ३०० एमबी मोफत मिळते.

कोपरी_पूल: जेस्टोरचं मोफत खातं काढ. महिन्याला शंभर लेख.

निवृत्त_ग्रंथपाल: ते वर आलंय. मराठीचं मात्र अजून कोणी बोललं नाही, आणि मला तेच खुपतं. कीचकवध १९०७ साली रंगभूमीवर आलं. त्यावर मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं फार थोडं या इंग्रजी डेटाबेसांत आहे. ठाण्यात राहता, तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा, म्हणजे तुमचा काळ पूर्ण आला. तिथे नाही भागलं तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. नुसत्या इंग्रजी लेखांवर मराठी नाटकाचा प्रबंध उभा करू नका, कळकळीने सांगतो.

नांदी_ठाणे: सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय: जेपास नाही, कलिनाही आत्ता नाही. 'एशियन थिएटर जर्नल' १९८४ पासून निघतं, वर्षाला दोन अंक. अनुक्रमणिका लॉगिनशिवाय दिसतात. आधी त्या सगळ्या ओळीने वाचणार, शब्दशोध नंतर. १५०० रुपये झेरॉक्ससाठी राखून ठेवते.

वाशी_सेक्टर_१७: ऐंशीच्या वर अनुक्रमणिका! कंसातला शोध दहा मिनिटांत झाला असता.

नांदी_ठाणे: हो, पण शीर्षकात मराठी नसलेला लेख शोधायला कुठला शब्द टाकायचा, तेच मला अजून माहीत नाही. अनुक्रमणिकांतून शब्द गोळा होतील.

निवृत्त_ग्रंथपाल: मग 'थिएटर जर्नल'ही धरा, वर्षाला चार अंक. आणि शेवटची पुस्तक-परीक्षणं सोडू नका, छोटी असतात पण संदर्भ तिथेच मिळतात. दाते सूची शनिवारी सकाळी बघा, झेरॉक्स त्याच दिवशी होऊन जाईल.