टिपरेरीचा 2020चा मन्स्टर विजय: प्रांतिक स्पर्धा ठेवायच्या की गुंडाळायच्या?

लिफीकाठचा

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की हा वाद ठरलेला: प्रांतिक स्पर्धा चालू ठेवायच्या की एकदाच्या बंद करायच्या? माझं मत, ठेवायच्या. आणि त्यासाठी 2020चा मन्स्टरचा हंगाम मला पुरेसा आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे 15 खेळाडू, इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर 1 गुण (2025 पासून लांबून मारलेला असेल तर 2), खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3. त्यामुळे 1-12 म्हणजे एक गोल, बारा पॉइंट, एकूण 15. खेळाडूंना पगार नाही आणि साधारण जो ज्या काउंटीचा, तो तिचाच. आधी चार प्रांतांच्या स्पर्धा होतात, मग अखिल आयर्लंड. शिवाय ताकदीनुसार चार विभागांची लीग असते; प्रांतिक स्पर्धा नकोत म्हणणाऱ्यांना तिलाच मुख्य स्पर्धा करायचंय.

मन्स्टर प्रांतात सहा काउंट्या, पण 1936 पासून करंडक केरीकडे नाहीतर कॉर्ककडे. मध्ये फक्त 1992 ला क्लेअर. टिपरेरी शेवटचं जिंकलं होतं 1935 ला, आणि तसंही ती हर्लिंगवाल्यांची, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या आयरिश खेळाची, काउंटी. 2020 ला कोरोनामुळे सगळं नोव्हेंबरवर गेलं. प्रेक्षक नाहीत, हरला की घरी. उपांत्य सामन्यात टिपरेरी लिमरिकपुढे बाहेर पडायच्या बेतात होतं. वेळ संपत आलेली, कर्णधार कॉनर स्वीनीनं पार साइडलाइनवरून किक मारली आणि ती दांडीवरून गेली. तिथून कोणी सरळ मारायचा विचारही करत नाही. बरोबरी झाली, जादा वेळेत टिपरेरी जिंकलं.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात, धो धो पावसात, कॉर्कनं केरीला उडवलं. जादा वेळेचे शेवटचे क्षण, पॉइंटसाठी मारलेला चेंडू आखूड पडला, मार्क कीननं गर्दीत उडी मारून तो झेलला आणि वळता वळता जाळ्यात घातला. 1-12 विरुद्ध 0-13.

फायनल 22 नोव्हेंबरला कॉर्कच्या मैदानावर. आदल्याच दिवशी 'ब्लडी संडे'ला शंभर वर्षं झाली होती. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कमध्ये गोळीबार केला, 14 जण गेले. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन. क्रोक पार्कचा एक स्टँड आजही त्याच्या नावाचा आहे. टिपरेरी त्या काळासारखी पांढरी-हिरवी जर्सी घालून उतरलं आणि 0-17 विरुद्ध 0-14 जिंकलं. त्याच दिवशी अल्स्टर प्रांतात कॅव्हननं डोनेगलला हरवलं, 1997 नंतर पहिल्यांदाच. अखिल आयर्लंडच्या उपांत्य जोड्या झाल्या डब्लिन-कॅव्हन आणि मेयो-टिपरेरी. 1920 च्या स्पर्धेतही नेमक्या ह्याच होत्या!

हे सगळं लीगच्या कोष्टकातून निघालं असतं का?

ली_नदीचा_कोकणी

गोष्ट छान रंगवलीत, पण पंधरा दिवसांनी काय झालं ते सोयीस्कर गाळलंत. मेयो 5-20, टिपरेरी 3-13. तेरा गुणांनी मार. कॅव्हनला डब्लिननं पंधरा गुणांनी धुतलं. आणि 2022 च्या लीगमध्ये हे दोन्ही प्रांतविजेते कुठे होते? चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात.

मी कॉर्कमध्ये राहतो. त्या फायनलचं दुःख इथे कोणाला फारसं नव्हतं, असंही नाही. पण 85 वर्षांत एकदा दार उघडतं म्हणून ते दार चांगलं म्हणायचं? मधल्या 84 वर्षांत टिपरेरीची जी पोरं दर मंगळवारी-गुरुवारी चिखलात सराव करून पहिल्याच फेरीत केरीकडून मार खाऊन घरी गेली, त्यांचं काय? वॉटरफर्डनं तर मन्स्टर शेवटचं जिंकलं 1898 साली. विकलो आणि फर्मॅना यांनी आपापला प्रांत कधीच जिंकलेला नाही.

पारावरचा

म्हणजे आपल्या रणजीतल्या लहान संघांसारखंच की. विदर्भानं दाखवलं ना करून.

ली_नदीचा_कोकणी

@पारावरचा, नाही हो. विदर्भानं वसीम जाफर आणला. टिपरेरीनं कुठून कोण आणायचा? म्हणून तर तुल्यबळ संघ एकमेकांशी खेळवा म्हणतोय.

मेघना_गॉलवे

टिपरेरीनं त्या वेळी एक माणूस आणला होता, फक्त तो त्यांचाच होता. कॉलिन ओ'रिऑर्डन सिडनी स्वान्सकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. सुट्टीत घरी आलेला, करारामुळे खेळता येईना. क्लबनं खास परवानगी दिली आणि तो फायनल खेळला. पगारी खेळाडूनं फुकटच्या सामन्यासाठी क्लबची मनधरणी करावी, हे लीगच्या एखाद्या सामन्यासाठी घडलं असतं का? नसतंच.

तरीही मी कोकणींच्या बाजूची आहे, कारण मला चमत्कार वेगळ्या कारणानं झालेला दिसतो. सोडत बघा. पूर्वी केरी आणि कॉर्कला वेगवेगळ्या बाजूंना ठेवायचे, म्हणजे फायनल ठरल्यासारखीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोडत खुली झाली आणि लगेच 1992 ला क्लेअर जिंकलं. 2020 ला केरी-कॉर्क उपांत्य फेरीतच भिडले म्हणून टिपरेरीला एकाच बड्याला हरवावं लागलं. प्रांताचं पावित्र्य वगैरे राहू द्या, चिठ्ठी चांगली निघाली.

लिफीकाठचा

मेघनाताई, चिठ्ठी चांगली निघाली तरी त्यांच्याच मैदानावर जाऊन कॉर्कला हरवावं लागतंच.

आणि कोकणी, तुल्यबळांची भाषा ऐकायला बरी. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये जीएएच्या (गेलिक खेळांच्या संघटनेच्या) खास अधिवेशनात हाच ठराव आला होता, लीगलाच मुख्य स्पर्धा करायचा. 50.6 टक्के मतं पडली, हवी होती 60. लोकांना नकोय.

ली_नदीचा_कोकणी

निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं, त्याचा अर्थ तुम्ही "लोकांना नकोय" असा लावताय. शाब्बास.

2023 चं बघा. क्लेअर लीगमध्ये तिसऱ्या विभागात घसरलेलं. पण मन्स्टरची फायनल गाठली म्हणून सॅम मॅग्वायर करंडकाच्या, म्हणजे अखिल आयर्लंडच्या, मुख्य स्पर्धेत थेट जागा. फायनलमध्ये केरीनं 5-14 विरुद्ध 0-15 केलं, म्हणजे 14 गुणांचा फरक. अशी जागा मिळून क्लेअरचं भलं झालं की त्यांना टेल्टन कप ह्या दुय्यम स्पर्धेत बरोबरीच्या संघांशी खेळून जिंकायची संधी मिळाली असती ते बरं होतं? 2022 ला वेस्टमीथनं तो कप जिंकला तेव्हा त्यांचे लोक काय नाचले होते.

लिफीकाठचा

त्या फायनलला पोचताना क्लेअरनं एका गुणानं कोणाला हरवलं होतं, ते तुमच्या गावात विचारा. 😄

ली_नदीचा_कोकणी

तो विषय घरात काढत नाही.

रेषेबाहेर

मी मधला. चारही प्रांत एका मापानं मोजू नका. अल्स्टरची फायनल म्हणजे युद्ध असतं. 2024 ला डोनेगल-आर्मा पेनल्टीपर्यंत गेलं, 2025 ला पुन्हा तेच दोघे, पुन्हा जादा वेळ. तिथे बंद करायची भाषा केलीत तर मोनाहनच्या क्लोन्स गावात तुम्हाला चहा पण मिळणार नाही. लेन्स्टर प्रांताचं उलट. 2011 ते 2024 सलग चौदा वेळा डब्लिन. 2020 च्याच फायनलमध्ये मीथविरुद्ध 3-21 ला 0-9! एकवीस गुणांचा फरक, रिकाम्या क्रोक पार्कमध्ये. तुम्ही मन्स्टरची गोष्ट सांगताना ह्या आदल्या शनिवारची गोष्ट सांगत नाही, कारण ती ऐकायला कोणी थांबणार नाही.

लिफीकाठचा

@रेषेबाहेर, त्याच लेन्स्टरमध्ये 2025 ला मीथनं डब्लिनला उपांत्य फेरीत घरी पाठवलं आणि फायनलमध्ये लाउथनं मीथला हरवलं. 3-14 विरुद्ध 1-18. लाउथचा आधीचा विजय 1957 चा. शिवाय 2010 ची फायनल शेवटच्या मिनिटाच्या वादग्रस्त गोलवर त्यांच्या हातून गेली होती, तीही मीथकडेच. क्रोक पार्कमध्ये साठ हजारांहून जास्त लोक होते. 2024 ला "लेन्स्टर मेलंय" म्हणणारे तुम्हीच ना?

मेघना_गॉलवे

मला वाटतं भांडण करंडकाचं नाहीच, जागांचं आहे. प्रांतिक स्पर्धा खुशाल खेळा, पण मुख्य स्पर्धेतल्या जागा तिच्यावरून वाटू नका.

लिफीकाठचा

जागा काढून घेतल्या की दोन वर्षांत बडे संघ दुय्यम पोरं उतरवतील. मग टिपरेरीनं कोणाला हरवलं म्हणायचं?

ली_नदीचा_कोकणी

मग एवढा जीव आहे कशात? आर्मा 2023, 24, 25 ओळीनं तीन अल्स्टर फायनल हरलं, आणि 2024 ला तरी सॅम मॅग्वायर घेऊन गेलं. प्रांत हरून काही बिघडत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलंय.

लिफीकाठचा

आर्माच्या एखाद्या माणसाला विचारून बघा.

ली_नदीचा_कोकणी

विचारलं. आमचा टीम लीड तिकडचाच. म्हणतो, सॅम आल्यावर अल्स्टर गेलं खड्ड्यात. पण 2025 च्या फायनलची तिकिटं ऑफिसात सगळ्यात आधी त्यानंच काढली होती, हेही सांगून टाकतो.