मारलेला मोहरा परत उठतो तेव्हा
बुद्धिबळासारख्या एका खेळात मेलेले मोहरे झोम्बी होऊन परत उठतात. ही नुसती सजावट, खाली खेळ तोच बुद्धिबळाचा, असं एक मत वाचलं; ते मला अजिबात पटत नाही. साध्या बुद्धिबळात एका प्याद्याने पुढे असलेला खेळाडू मारामारी करत पट रिकामा करतो आणि शेवटी ते प्यादं वजीर करतो. मेलेला परत येणार असेल तर पट रिकामा होणारच नाही, मग हा हिशेबच कोसळतो.

खात्री करायची तर लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर क्रेझीहाउस हा बुद्धिबळाचा प्रकार खेळून बघा, फुकट आहे. मारलेला मोहरा आपल्या रंगाचा होतो आणि एक चाल खर्चून रिकाम्या घरात उतरवता येतो. फक्त प्यादं पहिल्या-आठव्या ओळीत उतरवता येत नाही. या खेळात मारून हातात आलेला घोडा फार घातक! लांबून वजिराने दिलेला शह मध्ये मोहरा टाकून अडवता येतो, घोड्याचा नाही. राजाभोवती आपलीच गर्दी असेल तर संपलंच.

शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, तर हे पूर्वापार आहे, पण तिथे लगामही आहे: आपलं साधं (बढती न मिळालेलं) प्यादं असलेल्या उभ्या रांगेत दुसरं उतरवायचं नाही, आणि प्यादं उतरवून थेट मात द्यायची नाही. झोम्बीवाल्या खेळात मी आधी हेच तपासेन. मेलेला कुठे उठतो, कुणाच्या बाजूने आणि त्याची किंमत कोण मोजतो? चित्रं, आवाज नंतर.