दुबईत लेबनीज रेस्टॉरंट, लाइव्ह गाणं, बेली डान्स वगैरे: आईबाबांना न्यावं का?

करामाकर
मंडळी, डिसेंबरात आईबाबा साताऱ्याहून येतायत, त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत तर एक संध्याकाळ जरा झकास करायचीय. ऑफिसातला एकजण म्हणाला मोठ्या हॉटेलातल्या लेबनीज रेस्टॉरंटमध्ये ने, उद (सतारीसारखं अरबी तंतुवाद्य) वाजवणारा असतो, गायक असतो, रात्री बेली डान्स पण होतो, धमाल येते. आता माझं लेबनीज ज्ञान म्हणजे शवर्मा आणि कॅफेटेरियातलं हमस (काबुली चण्याचं वाटण), त्यापुढे शून्य. प्रश्न असे की आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तिला तीन-चार तास काय खाऊ घालणार? बाबा सगळं खातात, एखादा पेगही घेतात. आणि तो डान्स आईसमोर ऑकवर्ड होईल का? बायको म्हणते होणार, बहीण पुण्याहून फोनवर म्हणते काही होत नाही, तूच उगाच लाजतोस. सोबत ८ वर्षांची मुलगी पण असेल. बिल किती फाटेल तेही सांगून टाका.

शारजावाली मावशी
आईंच्या जेवणाची काळजी सोडाच, त्या टेबलावर हाल झाले तर मांसाहारींचे होतील इतकं शाकाहारी असतं. आधी थंड मेझे येतात म्हणजे छोट्या छोट्या बशा: हमस, मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं, तिळाची ताहिनी घालून), तब्बूले (पार्सलीचं सॅलड), फत्तूश (कुरकुरीत रोटीचे तुकडे घातलेलं सॅलड), मुहम्मरा म्हणजे लाल मिरची-अक्रोडाचं वाटण, आणि लबने, तो आपला चक्काच पण बिनसाखरेचा आणि वर ऑलिव्ह ऑइल. मग गरम बशा, त्यात चीजचे रकाकात म्हणजे तळलेले रोल, पालकाचे फतायर म्हणजे भाजलेल्या करंज्या, बटाटा हर्रा म्हणजे तिखट बटाटा. मेनूत "बिल झेत" असं दिसलं की ते तेलातलं आणि बहुतेक वेळा बिनमांसाचं, लूबिये बिल झेत म्हणजे टोमॅटोतली फरसबी, माझ्या सासूबाईंनी दोनदा मागवली होती. लेबनॉनमधले ख्रिश्चन लोक ईस्टरच्या आधीच्या उपासात मांस सोडतात म्हणून अशा पदार्थांची तिकडे जुनी सवय आहे, हे काही टूरिस्टांसाठी काढलेलं नाही.

पण काही ठिकाणी डोळे उघडे ठेवा. द्राक्षाच्या पानांचे रोल दोन प्रकारचे, थंड असतात ते भाताचे, गरम असतात त्यात बहुतेक खिमा. मसूरचं सूप साधं दिसतं पण चिकन स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं. लसणीचा पांढरा सॉस, तूम, मुळात लसूण तेल लिंबू मीठ एवढंच, तरी काही किचनमध्ये त्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात. आणि हमसवर मटणाचे तुकडे घालून पण देतात, तेव्हा साधं हमस असं स्पष्ट सांगा. वेटरला सुरुवातीलाच "मांस नाही, चिकन नाही, अंडं नाही, स्टॉक नाही" असं एकेक मोजून सांगा, नुसतं व्हेज म्हटलं तर मान डोलावतात आणि जातात.

अल ऐनचा पाटील
मावशींनी जेवण सांगितलं, मी वेळ सांगतो कारण आपली माणसं तिथेच फसतात. साडेसातला जाऊन बसतात, पहिल्या अर्ध्या तासात सगळं मागवतात, भूक भागते, मग नऊ वाजता जांभया द्यायला लागतात आणि तेव्हा कुठे उदवाला तारा जुळवत असतो. अशा ठिकाणी रात्र उशिरा सुरू होते, गायक साधारण दहाच्या आसपास रंगात येतो, डान्सर त्याच्याही नंतर. तेव्हा नऊला पोचा आणि बशा थोड्या थोड्या मागवा, थंड संपत आल्या की गरम, मग तासाभराने मशावी म्हणजे कोळशावरचं ग्रिल, बाबांसाठी शिश तावूक (चिकनचे तुकडे), कफ्ता (खिम्याचे कबाब), लॅम्ब चॉप. घाईने प्लेटा उचलू नका असं सांगितलं तर वेटर उलट खूष होतो.

माझा जुना मॅनेजर झाहलेचा, बेका खोऱ्यातलं गाव, तिथे बरदौनी नदीच्या काठाने रेस्टॉरंटांची रांगच आहे आणि रविवारचं जेवण दुपारी सुरू होतं ते संध्याकाळ होईपर्यंत चालतं असं तो सांगायचा. मेझे ही भूक भागवायची वस्तूच नाही, ती बसायचं कारण आहे, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

बाबांना व्हिस्की न देता अरक द्या. द्राक्षाची दारू, बडीशेपेच्या जातीच्या ॲनिसचा वास, पाणी पडलं की दुधाळ होते. कडक असते, ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणून एक भाग अरक दोन भाग पाणी. आणि क्रम पाळायचा, आधी अरक, मग पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी, कारण आधी बर्फ टाकला तर वर साय धरते. दुसरा पेग नव्या ग्लासात देतात तो नखरा नाही, तीच पद्धत. वाइन हवी असेल तर लेबनॉनची क्सारा बघा, १८५७ साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेली वायनरी आहे.

डान्सबद्दल: हा प्रकार स्टेजवर आणला कैरोने. १९२६ मध्ये बदिया मसाबनी नावाच्या बाईने तिथे स्वतःचा क्लब काढला, जन्म दमास्कसचा, उतारवय लेबनॉनमध्ये गेलं, तिच्याकडूनच पुढच्या मोठमोठ्या डान्सर तयार झाल्या. म्हणजे याला शंभरेक वर्षांची परंपरा आहे, आईंना एवढं आधी सांगून ठेवलंत तर त्या कलाकार म्हणून बघतील.

खवट खोबरं
परंपरा वगैरे सगळं ठीक आहे पाटील, पण रात्री अकराला कीबोर्ड आणि ड्रम मशीन लावून जे चालतं त्याला बदियाबाईंनी पण कानात बोळे घातले असते. मला डान्सचं काही नाही, आमच्या आईने लावणी महोत्सव पहिल्या रांगेत बसून पाहिलेत, शिट्ट्या ऐकल्यात, तिला काहीही वाटलं नाही. प्रॉब्लेम आवाजाचा आहे. ४० वर्षांच्या लग्नाच्या जेवणाला नवराबायकोला एकमेकांशी बोलता आलं नाही तर काय उपयोग? मी आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा स्पीकरच्या शेजारचं टेबल मिळालं, आई शेवटी खुणांनी पाणी मागत होती.

आणि बिल. शुक्रवार-शनिवारी अशा बऱ्याच ठिकाणी मिनिमम स्पेंड किंवा सेट मेनू असतो, म्हणजे आईंनी फरसबी खाल्ली तरी पैसे लॅम्ब चॉपचे. हॉटेलातल्या मेनूच्या तळाला बारीक अक्षरं वाचा, दुबईत ७ टक्के म्युनिसिपालिटी फी, १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ५ टक्के व्हॅट, किमतीत धरलेत की वरून लावणार ते फोनवरच विचारा. बसल्या बसल्या कच्च्या भाज्यांचं ताट, ऑलिव्ह, लोणची येतात ती बऱ्याच जागी फुकट असतात, पण एका ठिकाणी आम्हाला ती बिलात दिसली, शिवाय मागितलेला नसताना सुक्यामेव्याचा बाऊल पण.

माझा सल्ला, मधल्या वारी जा, मंगळवार बुधवार, नुसता उदवाला असतो तेव्हा. किंवा शो सोडूनच द्या, दुबईच्या जुन्या देरा भागात अल रिग्गा, मुरक्कबातला जा, अरबी खाण्याची रांग आहे, निम्म्यात होईल, फक्त दारू मिळणार नाही.

अल ऐनचा पाटील
खोबरंभाऊ, बाबांना साताऱ्याहून आणून मुरक्कबातला ट्यूबलाइटखाली बसवायचं? तेही लग्नाच्या ४० व्या वाढदिवसाला? मधला वार हे मात्र पटलं. तरी मी म्हणेन गायक असेल असाच वार निवडा. लेबनीज कुटुंबं दोन-चार टेबलांवर असली आणि तो जुनी गाणी गायला लागला ना, की आख्खं रेस्टॉरंट टाळ्या धरतं, मग कोणीतरी उठतं, एकमेकांचे हात धरून ओळ होते आणि पाय आपटत दबके, म्हणजे त्यांचा लोकनाच, सुरू. त्यात म्हाताऱ्या बायका सगळ्यात पुढे असतात. तो भाग बघण्यासारखा आहे, डान्सरचे वीस मिनिटं आली काय नि गेली काय. एक टीप, फैरूझची (लेबनॉनची प्रसिद्ध गायिका) फर्माईश करू नका, तिला ते लोक सकाळी कॉफीबरोबर ऐकतात, रात्री नाचायचा मूड असतो.

करामाकर
वा, धन्यवाद सगळ्यांना. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली खोबरं यांचं बरोबर आणि बहिणीला पाठवलं तर ती म्हणाली पाटलांचं बरोबर. गायक असेल असा मधला वार बघतो मग. मुलीचं काय करू? आणि बाबा विचारतायत डान्सर टेबलाशी येऊन ओढते का? (विचारताना जरा जास्तच उत्साही वाटले.)

शारजावाली मावशी
😂 येते, ओढत नाही, हात पुढे करते, हसून नमस्कार केला की पुढच्या टेबलाकडे जाते. बाबांना कडेच्या खुर्चीवर बसवायचं की आतल्या ते आईंना ठरवू द्या. मुलीचं बुकिंगलाच विचारा, दारू मिळते अशा काही जागी ठराविक वेळेनंतर मुलांना घेत नाहीत आणि दारात गेल्यावर कळलं तर सगळ्यांचाच मूड जातो. शिशाचा म्हणजे हुक्क्याचा धूर पण असतो, टेरेस असेल तर बाहेरचं टेबल घ्या, डिसेंबरात हवा छान असते आणि आवाजही कमी, खोबरंभाऊंचा प्रश्न सुटला. वाढदिवस आहे हे पण सांगा, कनाफेवर (चीजची गोड मिठाई) मेणबत्ती लावून आणतात, बँडवाले काहीतरी वाजवतात. शेवटी आईंसाठी व्हाइट कॉफी मागवा, त्यात कॉफी नसते, गरम पाणी आणि संत्र्याच्या फुलांचा अर्क, एवढं खाऊन झाल्यावर बरं वाटतं.

खवट खोबरं
गाडी नेऊ नका पण. अरकचा एक घोटही घेतलात तर इथे चालवायची नाही, लिमिट शून्य आहे, टॅक्सी करा. बाबांना शॉर्ट्स-सँडल घालून आणू नका, काही हॉटेलं दारातूनच परत पाठवतात. आणि टेबल स्पीकरपासून लांब मिळेल ना हे बुकिंग घेणाऱ्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

करामाकर
बाबांनी सूट शिवायला टाकलाय साताऱ्यात.

खवट खोबरं
मग पाटलांना पण बोलवा, दबक्याला माणूस कमी पडायला नको.