मदत हवी आहे: व्हीसीडी, डीव्हीडी आणि सीडी, एकच प्लेअर घ्यावा की दोन?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

घरचा डीव्हीडी प्लेअर अखेर गेला. ट्रे अर्धा बाहेर येतो, डिस्क घेऊन आत जातो, आत काहीतरी घरघरतं आणि पडद्यावर 'नो डिस्क'. कारागिराने उघडून पाहिला. लेन्सचा जो भाग असतो, तो ज्याला पिकअप म्हणतो, तो या मॉडेलचा आता मिळत नाही म्हणाला. म्हणजे नवीन घेणं आलं.

'आता कोण डिस्क लावतं, सगळं ऑनलाइन मिळतं' हा सल्ला कृपया नको. सगळं मिळत नाही. आमच्या कपाटाच्या खालच्या खणात व्हीसीडी आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त मराठी नाटकं. दोन-दोन डिस्कची पाकिटं, पहिली संपली की आपोआप मध्यंतर. यातली बरीच नाटकं मला तरी कुठल्याच ॲपवर सापडलेली नाहीत. मधल्या खणात डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्या तेव्हा आमच्याकडे भाजीबरोबर सिनेमे यायचे, तो सगळा माल तिथे आहे. शिवाय भावाने अमेरिकेहून आणलेल्या थोड्या ब्ल्यू-रे. वरचा खण बाबांचा. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी. बहुतेक सीडी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या, दुकान २०१६ मध्ये बंद झालं तरी काहींवर किमतीची चिकटपट्टी अजून तशीच आहे.

बाकीचं सामान: ४३ इंची ४के टीव्ही, त्याला एचडीएमआय आणि मागे एक ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीने डिजिटल आवाज देणारा) आउट. सोनोडाइनचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, ज्याला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना आहेत. दोन बुकशेल्फ स्पीकर. पार्ले पूर्वेला जुन्या सोसायटीत राहतो, हॉल साधारण १० बाय १४. एक भिंत शेजारच्या आजींच्या बेडरूमची, त्यामुळे सबवूफर हा विषयच नाही. फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, नको, साउंडबारही नको. दोन चांगले स्पीकर नीट मांडले की या खोलीला पुष्कळ झाले, असं माझं ठाम मत आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, मी येईन.

बजेट पंचवीस, फार ताणलं तर तीस हजार. मी जे वाचलं त्यावरून सोनीचा यूबीपी-एक्स७०० बरा वाटतोय. ४के डिस्क, ब्ल्यू-रे, डीव्हीडी, सीडी सगळं घेतो. पण त्याला मागे आरसीए आउट नाहीच, दोन एचडीएमआय आणि एक कोॲक्सियल, म्हणजे साध्या वायरीने डिजिटल आवाज देणारा आउट. मग माझ्या ॲम्प्लिफायरला आवाज न्यायचा कसा? पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी८२० ला ॲनालॉग आउट आहेत, पण तो इथे कोणाकडे सरळ मिळेल असं दिसत नाही. एका दुकानदाराने तर 'मॅडम, टीव्हीच्या स्पीकरवर ऐका ना, आता टीव्हीचा साउंड मस्त येतो' असं सांगून विषय संपवला.

तर सगळं खाणारा एक महाग प्लेअर घ्यावा, की साधा डीव्हीडी प्लेअर आणि वेगळा सीडी प्लेअर? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

खरखर

भाच्याकडे पीएस५, म्हणजे प्लेस्टेशनचा गेम बॉक्स, असेल तर तोच पळवा. ब्ल्यू-रे आणि ४के डिस्क दोन्ही लागतात.

सोल्डरगन

खरखर, पीएस५ वर ऑडिओ सीडी वाजत नाही. म्हणजे बाबांचा अख्खा खण बाद. शिवाय ऑप्टिकल आउटही नाही. (तो भाचा आयुष्यभर बोलून दाखवेल ते वेगळंच.)

तिसरी घंटा, एक्स७०० तुमच्या ॲम्प्लिफायरला दोन तऱ्हांनी जोडता येईल. कोॲक्सियलमधून थेट एका डॅकला, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या छोट्या डबीला, आणि डबीतून आरसीए वायरने ॲम्प्लिफायरला. किंवा एचडीएमआय टीव्हीला द्या आणि टीव्हीच्या ऑप्टिकलवर तीच डबी लावा. दुसऱ्या पद्धतीत सेट टॉप बॉक्सचा आवाजही आपोआप मोठ्या स्पीकरवर येतो.

कुठलीही पद्धत घ्या, मेन्यूत जाऊन डिजिटल आउट 'पीसीएम' वर, म्हणजे आधीच उलगडलेल्या आवाजावर, ठेवा. 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' वर राहिलं तर डॉल्बीचा कच्चा प्रवाह बाहेर येतो. स्वस्त डॅकला तो उलगडता येत नाही आणि स्पीकरमधून एक तर शांतता, नाही तर तळणीतून काढल्यासारखी खर्रर्र. लोक इथेच डॅक बिघडला म्हणून परत करतात.

संवाद बारीक आणि मारामारी मोठी, ही दोन स्पीकरवाल्यांची नेहमीची तक्रार. फाइव्ह पॉइंट वनचा आवाज दोनमध्ये कोंबताना मधल्या स्पीकरचा, म्हणजे जिथे सगळे संवाद असतात त्याचा, आवाज साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात वाटतात. त्यावर पार्श्वसंगीत चढतं. उपाय दोन. डिस्कच्या ऑडिओ मेन्यूत '२.०' किंवा 'स्टिरिओ' ट्रॅक असेल तर तो निवडा. नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'डायनॅमिक रेंज' शोधून रात्री ती आवळा. आजीही झोपतील. सीडी ऐकताना हे शोधायला जाऊ नका, त्याचा सीडीशी संबंध नाही.

व्हीसीडीबद्दल मात्र अपेक्षा आवरा. तिच्या एका चित्रात ३५२ बाय २८८, म्हणजे साधारण एक लाख ठिपके. तुमच्या ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. मधले सगळे प्लेअर किंवा टीव्ही अंदाजाने भरणार. वीस हजारांच्या प्लेअरने त्यात नटाच्या मिशीचे केस उगवणार नाहीत. डीव्हीडी ७२० बाय ५७६, चार लाखांच्या वर, तिथे चांगल्या प्लेअरचा फरक दिसतो.

माटुंगा रोड

अमेरिकेहून आणलेल्या ब्ल्यू-रे म्हणालात, तिथे घोटाळा आहे. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन भाग पाडलेत: अमेरिका 'ए' मध्ये, भारत 'सी' मध्ये. इथला प्लेअर 'ए'ची कुलूपबंद डिस्क नाकारतो. सगळ्याच डिस्क बंद नसतात, म्हणून पाकिटाच्या मागे ए-बी-सीचं चिन्ह बघून घ्या. ४के डिस्कला असा भाग नसतो, त्या कुठेही चालतात. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १. आपल्याकडच्या बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी कुलूप न लावता निघाल्या. अडचण येते ती इथे निघालेल्या इंग्रजी सिनेमांची, त्या ५ च्या असतात.

आता भावाला 'येताना प्लेअरही आण' असं सांगायचा मोह होईल. त्याआधी मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट असेल तर ठीक. फक्त १२० असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटला लावताच धूर. आणि तो भाग १ चा असणार, तुमच्या इथल्या इंग्रजी डीव्हीडी त्यावर लागणार नाहीत.

मॉडेल निवडीत फार दिवस घालवू नका. ओप्पोने २०१८ मध्ये ब्ल्यू-रे प्लेअर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये. मोठ्या कंपन्यांत उरलेत ते मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक.

तिसरी घंटा

सोल्डरगन, माटुंगा रोड, मनापासून आभार. भावाच्या ब्ल्यू-रे काढून पाहिल्या, बऱ्याच 'ए'च्याच निघाल्या. त्याला अजून सांगितलेलं नाही.

एक महत्त्वाचं लिहायचं राहिलं. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी चहानंतर सीडी लावतात, तेव्हा टीव्ही बंद असतो आणि त्यांना तो बंदच हवा असतो. सीडी आत सरकवायची, प्ले दाबायचं, बस. कितवा ट्रॅक चालू आहे ते लांबून दिसलं पाहिजे, कारण विलंबित संपून द्रुत सुरू झालं की ते उठून पाणी पिऊन येतात, हा त्यांचा नेम आहे. एक्स७०० वर टीव्ही न लावता हे जमेल का?

सोल्डरगन

अहो, हे आधी सांगायचं ना. मग निकाल लागलाच.

एक्स७०० ला समोर आकडे दाखवणारा डिस्प्लेच नाही. सीडी वाजेल, पण कितवा ट्रॅक चालू आहे ते टीव्ही लावल्याशिवाय कळणार नाही. रोज सकाळी टीव्ही चालू, इनपुट बदल, मेन्यू... आठवडाभरात बाबा सीडी ऐकणं सोडतील.

दोन घ्या. बाबांना वेगळा सीडी प्लेअर, जसा यामाहाचा सीडी-एस३०३. समोर आकडे, थेट आरसीए आउट, मध्ये डबी नाही की सेटिंग नाही. सिनेमा-नाटकासाठी साधा डीव्हीडी प्लेअर ज्याला एचडीएमआय आहे आणि मागे लाल-पांढऱ्या पिनाही आहेत. चित्र एचडीएमआयने टीव्हीला, आवाज पिनांनी ॲम्प्लिफायरला. असे प्लेअर आवाज दोन चॅनेलमध्ये आतच मिसळतात, डॅक वाचला. ॲम्प्लिफायरच्या दोन इनपुटांना दोघे बसतील, निवडायला पुढची एक खुंटी फिरवायची. ब्ल्यू-रेचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवा, 'ए'च्या डिस्क इथल्या प्लेअरवर तशाही लागल्या नसत्या.

आणि स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर, कानाच्या उंचीला. बसणारा मधोमध असेल तर संवाद पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला जवळचाच स्पीकर ऐकू येणार, त्याला इलाज नाही. मधली जागा कोणाची ते घरात ठरवा.

शेवाळ

एक वेगळीच भीती घालतो. व्हीसीडी पार्ल्याच्या पावसाळ्यात किती वर्षं टिकणार? उजेडात धरून बघा, चकाकत्या बाजूवर पांढरी जाळी दिसली तर बुरशी. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या रेषेवरूनच जातो, प्लेअरला तो भरून काढता येत नाही.

आणि नाटकं आजच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. व्हीसीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, त्यात एव्हीएसईक्यू०१ सारख्या डॅट फाइल असतात. त्या तशाच कॉपी करायच्या, व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या प्रोग्राममध्ये लागतात. मध्येच कॉपी अडकली तर डिस्क धुऊन, वाळवून, दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याने निमूट वाचल्याचं मी पाहिलंय. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह फार महाग नाही.

तिसरी घंटा

शेवाळ, नाव सार्थ केलंत. खालचा खण उपसलाय. दोन पाकिटांवर जाळी आहेच.

ठरलं मग: बाबांना सीडी प्लेअर, आम्हाला पिनांचा डीव्हीडी प्लेअर, उरलेल्या पैशांत यूएसबी ड्राइव्ह. डीव्हीडी प्लेअर दुकानात बघताना काय काय तपासू?

सोल्डरगन

रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार बहुतेक बंद असतो. शनिवारी सकाळी ग्रँट रोडला उतरा. सोबत तीन डिस्क न्या: सगळ्यात ओरखडलेली नाटकाची व्हीसीडी, एक दुहेरी थराची (सिनेमा एकावर एक दोन थरांत साठवलेली) डीव्हीडी आणि बाबांची एक सीडी. व्हीसीडी लागते का हे खोक्यावरच्या यादीवर सोडू नका, लावून बघा. डीव्हीडीचा थर बदलतो तिथे, साधारण सिनेमाच्या मध्यावर, चित्र किती वेळ अडकतं ते बघा. क्षणभर चालेल, तीन-चार सेकंद थांबलं तर दुसरा मागा. मागच्या पिना हलवून बघा, सैल असतील तर सहा महिन्यांत एका स्पीकरचा आवाज जाणार. आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं 'डीव्हीडी प्लेअर' नको.