मदत हवी आहे : काजवे बघायला सासूबाईंना तंबूत न्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडचे. यंदाची सुट्टी म्हणजे नुसती धावपळ. १ मेला सोसायटीत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम (मुलांची नाटुकली माझ्याच गळ्यात), मग गावची जत्रा, मग भाच्याची मुंज. त्यानंतर मात्र शाळा उघडेपर्यंत जरा उसंत आहे.

तेव्हा भंडारदऱ्याला काजवे बघायचे आणि तंबूत राहायचं, असा मुलांचा हट्ट. पवना जवळ पडतं खरं, पण रात्रभर स्पीकर ऐकायला कोण जाणार!

अडचण सासूबाईंची. वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात, तरी "मी पण येणार" म्हणून बसल्यात. खाली गादीवर झोपलं की उठवत नाही त्यांना. खाट असलेला तंबू आणि जवळ कमोड, अशी जागा कोणी पाहिली आहे का? की आम्ही तंबूत आणि त्या गावात कुणाच्या घरी, असं जमतं? काजव्यांची झाडं रस्त्यापासून किती आत असतात? अंधारात त्यांना फार चालवणार नाही. आणि मेअखेर बरी, की वळीव पडल्यावर जूनचा पहिला आठवडा?

नारायणगाव-संगमनेर-अकोले रस्त्याने नुकतं कोणी गेलं असेल तर तेही सांगा. जाहिराती नकोत, प्लीज.